बंद बटणाचा उजेड

"उस्ताद, बटण बंद केल्यावरही दिवे जळत राहिले, तर त्याला काय म्हणायचं?"

जालिंदरनं हे विचारलं तेव्हा दस्तगीर उस्ताद खोलीच्या दारात बसून पायाची नखं काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"लोक काय म्हणत्यात?"

"लोक करामत म्हणतात. पीराची."

"आणि तू?"

"..."

"तू काय म्हणतोस, जालू?"

 उंबऱ्याशी उभा राहून जालिंदर खिशातल्या टेस्टरशी चाळा करत राहिला.

ही गोष्ट आमच्या गावच्या उरुसातली, खिंडीतल्या पीराच्या. मी तेव्हा तिथंच होतो. खोलीतलं बोलणं मला जालिंदरनं नंतर, बऱ्याच वर्षांनी सांगितलं. बाहेर जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं, आणि पाहिलं नसतं तर बरं झालं असतं असं आजही वाटतं.

दस्तगीर उस्तादांनी चाळीस वर्षं उरुसाची रोषणाई केली. ती बल्बची. एक दिवस त्यांनी पकड, टेस्टर, शिडी सगळं जालिंदरच्या हवाली केलं आणि दर्ग्यामागच्या खोलीत राहायला गेले. तिथं ते अंगण झाडायचे आणि कुणी विचारलं तरच बोलायचे. लोक त्यांना फकीर म्हणू लागले. त्यांनी कधी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

जालिंदर त्यांच्या हाताखाली सहा वर्षं शिकला, मग आयटीआय करून आला. स्टँडवर दुकानाची पाटी लावली आणि चारचौघांत सांगायला लागला की, उस्तादांचा काळ बल्बचा, आता एलईडीचा जमाना आहे, त्यात त्यांना काही कळायचं नाही. उस्तादांच्या कानावर हे गेलं होतं. ते हसले होते म्हणे.

त्या वर्षी त्यानं रस्त्यापासून दर्ग्याच्या दारापर्यंत पाच लोखंडी कमानी उभ्या केल्या. शेवटची सगळ्यांत मोठी. तिच्यावर रंग बदलणारा मोर. असा मोर तालुक्यात कुणी पाहिला नव्हता, असं जालिंदरच सांगत होता.

पहिल्या संध्याकाळी बटण दाबलं. चार कमानी झळकल्या. मोर मात्र मिणमिणला, लुकलुकला, पुन्हा मिणमिणला.

"जालिंदर, तुझ्या मोराला थंडी भरलीया काय रं?" उरूस समितीचे चेअरमन रावसाहेब मगदूम माईकवरून म्हणाले.

सगळं गाव हसलं. मीही हसलो. जालिंदरचा चेहरा पडला, कानशिलं लाल झाली, आणि तो हातात वायरचा तुकडा घेऊन कमानीमागं गेला. अर्ध्या तासात मोर थांबला. लुकलुकणं नाही, थरथरणं नाही. रंग तर असे की रावसाहेबांनी माईक खाली ठेवला.

कसं केलंस, हे कुणीच विचारलं नाही.

पहाटे राखणदारानं बटण बंद केलं. चार कमानी विझल्या. मोर विझला नाही. मंद, अगदी मंद, पण जळत राहिला.

तो पहिल्यांदा पाहिला हौसाक्कानं. ती रोज पहाटे दर्ग्यावर ऊद लावायला यायची. तिनं बटण पाहिलं, मोर पाहिला, आणि कमानीला हात लावून तो हात कपाळाला लावला. बोटांपासून कोपरापर्यंत मुंग्या आल्या. दोन वर्षं न वळणारं तिचं मनगट त्या सकाळी वळलं. निदान ती तरी तसं सांगत होती.

आमच्या गावात चमत्कार व्हायला फार काही लागत नाही. दुपारपर्यंत रांग लागली. तिसऱ्या दिवशी तर शेजारच्या गावांतून गाड्या भरून माणसं आली. बटण बंद ठेवायचं, मोराला मंद जळू द्यायचं, कमानीला हात लावायचा, मुंग्या आल्या की "पीरानं हात दिला" म्हणायचं. ज्या रावसाहेबांनी थट्टा केली होती, तेच जालिंदरच्या खांद्यावर हात टाकून फिरू लागले. त्याच्या गळ्यात हार पडला. तो त्यानं काढून ठेवला नाही.

तोच हार गळ्यात घालून तो उस्तादांच्या दारात उभा होता. दिवस मावळायला अजून घटकाभर अवकाश होता.

"आत ये," उस्ताद म्हणाले. "बस."

जालिंदर बसला.

"मोर पयल्या दिशी लुकलुकत हुता. मग थांबला. कसा थांबला?"

"परतीची तार ढिली होती. बारीक तार, त्यात लांबून ओढलेली. शेवटच्या कमानीला करंट पुरत नव्हता."

"मग?"

"नवीन तार ओढायला वेळ कुठं होता? सगळे हसत होते."

"मग?"

"..."

"मग, जालू?"

"कमानीच्या पायाला बांधली."

उस्तादांनी नखं काढायचं थांबवलं.

ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वीज एका तारेनं येते आणि दुसरीनं परत जाते. परतीची तार ढिली पडली की दिवे लुकलुकतात. तिथं नवी तार ओढायची असते. जालिंदरनं ती न ओढता दिव्यांची परतीची वाट कमानीच्या लोखंडी पायाला जोडून दिली. पाय जमिनीत, त्यामुळं वीज जमिनीत. ढिली तार आणि जमीन मिळून वाट पुरते, दिवे एकदम शांत. घाईतले वायरमन असं करतात. करतात आणि कुणाला सांगत नाहीत.

"आणि बटण? कुठल्या तारंवर हाय?"

"..."

"येणाऱ्या?"

"परतीच्या. गडबडीत उलटं झालं."

"म्हंजे बटण बंद केलं की तारंची वाट बंद. लोखंडाची उघडी."

"हो."

"तुला शिकवलं हुतं?"

"शिकवलं होतं."

उस्तादांनी दाराबाहेर पाहिलं. तिकडून लोकांचा गलका येत होता.

"आमचं बल्ब असतं, तर विझल्यालंच दिसलं असतं," ते म्हणाले. "एवढ्याशा करंटावर बल्बाची तार लालबी हुईना. तुझ्या माळा इमानदार हाईत. जरा करंट उरला तरी सांगत्यात. लुकलुकून सांगत हुत्या, त्यांचं तोंड तू दाबलंस. आता मिणमिणून सांगत्यात, तर त्यांस्नी हार घालताय."

जालिंदरला हे लागलं. तो ताठ झाला.

"पण झालंय काय कुणाला? तीन दिवस हजार माणसं हात लावून गेली. नुसत्या मुंग्या येतात. खाली मुरूम आहे, कोरडा ठणठणीत. वर समितीचा गालिचा. मी स्वतः मीटर लावून बघितलं. मला कळतं, उस्ताद."

"कळतंय न्हवं? मग माझ्याकडं कशापायी आलास?"

"..."

"जालू."

"आज सडा आहे," जालिंदर म्हणाला.

तो हे इतक्या हळू म्हणाला की उस्तादांनी पुन्हा विचारलं, आणि त्याला पुन्हा सांगावं लागलं.

आमच्याकडे संदलच्या, म्हणजे पीराला चंदन चढवायच्या मिरवणुकीच्या, संध्याकाळी घरटी एक घागर पाणी जातं. घर कुणाचंही असो, कुठल्याही जातीचं, धर्माचं. गालिचे गुंडाळतात. दर्ग्याच्या उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंत बायका वाट भिजवत येतात आणि त्या ओल्या वाटेवरून संदल आत जातो. त्या वाटेवर कुणी पायात काही घालत नाही. बंदोबस्ताचा हवालदारसुद्धा बूट काढून हातात धरतो. आणि उंबऱ्यापासून निघालं की पहिली कमान लागते ती मोराची.

"मग आत्ता जा," उस्ताद म्हणाले. "फ्यूज उपस."

"कसा उपसू? रावसाहेब म्हणाले, आज मोर विझता कामा नये. पंचक्रोशी लोटलीय."

"मग सांग त्यांस्नी."

"काय सांगू? की तीन दिवस तुम्ही माझ्या चुकीच्या पाया पडत होता? हे सांगू?"

"व्हय. हेच सांग."

"तुम्हाला सांगायला काय जातंय!" जालिंदरचा आवाज चढला. "तुमचं नाव आहे. तुमच्या हातून कधी चूक झाली नाही. तुम्हाला फकीर म्हणतात लोक. मला उद्या या गावात कुणी बल्ब लावायलासुद्धा बोलावणार नाही."

उस्तादांनी त्याच्याकडं पाहिलं.

"अंगणात चौथरा हाय, त्यो कुणाचा?"

"रसूलचा."

"कोण रसूल?"

"ज्याला पीरानं संदलच्या दिवशी आपल्याजवळ बोलावून घेतलं तो."

हे आमच्या गावात लहान पोरालाही पाठ आहे. रसूल हा उस्तादांचा पहिला शागीर्द. ऐन उरुसात, रोषणाई करताना, कमानीवरच त्याचा जीव गेला. असं मरण भाग्यवंतालाच येतं म्हणून त्याचा चौथरा बांधला, हिरवं निशाण लावलं. परीक्षेला जाताना मी तिथं उदबत्त्या लावल्यात.

"पीरानं न्हाई बोलावलं," उस्ताद म्हणाले. "म्या चढवलं त्याला. त्यो म्हणाला, उस्ताद, बघू का आधी? म्या म्हणालो, बटण बंद हाय, चढ गुमान."

"..."

"बटण उलट्या तारंवर हुतं. म्याच बसवल्यालं."

जालिंदरनं अंगणातल्या चौथऱ्याकडं पाहिलं.

"खाली उतरवला तवा अंग गरम हुतं. कुणीतरी वरडलं, संदलच्या दिशी गेला, सोनं झालं त्याचं. मग सगळीच तसं म्हणाया लागली. मला हिरवा फेटा बांधला. असा शागीर्द घडवला म्हणून. त्याच्या आईनं माझ्या पायावर डोकं ठेवलं."

"तुम्ही... तुम्ही काय म्हणालात तिला?"

 बाहेर पहिली हलगी वाजली.

"ती अजून येती," उस्ताद म्हणाले. "दर पाटंला. ऊद लावाया."

म्हणजे हौसाक्का. ती आणि रसूलची आई एकच, हे आम्हाला माहीत होतं. तिचं खरं नाव हुसनबी, पण गावानं तिची हौसाक्का केली होती. उस्ताद रोज तिच्यासमोर अंगण झाडत होते हेही आम्ही पाहत होतो. रसूल कुणामुळं गेला, एवढंच ठाऊक नव्हतं. मला हे कळलं तेव्हा उस्तादांचा इतका राग आला की दोन दिवस मी जालिंदरशीही बोललो नाही. आजही तो राग पुरता गेलाय असं म्हणवत नाही.

उस्ताद उठले. भिंतीला धरत बाहेर आले आणि कमानीच्या दिशेनं चालू लागले. जालिंदर मागून गेला.

इथून पुढचं मी पाहिलेलं.

गालिचे गुंडाळले होते. बटण बंद होतं, आणि सगळ्यांना दिसावं म्हणून रावसाहेबांनी ते स्वतः दोनदा वरखाली करून दाखवलं होतं. मोर मंद जळत होता. उंबऱ्यावर बायकांनी घागरी कलत्या केल्या. पाणी मुरमावरून धावलं, जिरलं, मागून आणखी आलं. तिन्हीसांजेच्या त्या उजेडात ते पाणी कमानीच्या पायाशी पोचलं.

आणि मोर उजळला.

बटण बंद असताना. आधी निळा, मग हिरवा, मग सगळे रंग. जसजसं पाणी मुरलं तसतसा तो वाढत गेला. गावाच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी जन्मात विसरणार नाही. बायका रडत होत्या. माणसं ओल्या वाटेवरून अनवाणी पुढं घुसत होती, हात वर करून, आधी मला, आधी मला. मीही घुसत होतो. खोटं कशाला बोलू.

सगळ्यांत पुढं हौसाक्का होती. कमरेवर रिकामी घागर, दुसरा हात कमानीकडं.

तिच्या आणि लोखंडाच्या मध्ये उस्ताद येऊन उभे राहिले.

"सर की बाजूला," ती म्हणाली. "मला हात लावू दे."

उस्ताद सरले नाहीत. त्यांचे पाय पाण्यात होते. ते पाय थरथरत होते, आणि आम्हाला वाटलं, म्हातारपण आहे. त्यांनी उजवा हात उचलला आणि लोखंडापासून वीतभर अंतरावर धरला. मग मान वळवून जालिंदरकडं पाहिलं. तो फ्यूजच्या पेटीपासून दहा पावलांवर उभा होता.

"जालू!" ते ओरडले. "करामत हाय न्हवं?"

जालिंदरनं पेटीकडं पाहिलं.

"हाय न्हवं? मग लावू हात?"

"..."

हात पुढं गेला. वीतभराचं चार बोटं अंतर राहिलं.

"नका!"

जालिंदर इतका मोठ्यानं किंचाळला की हलगी थांबली. तो पेटीकडं धावला, फ्यूज उपसला आणि मुठीत धरला. चार कमानी आधीच काळ्या होत्या, पाचवीही काळी पडली. लाऊडस्पीकर बंद पडला. मोर विझला, पहिल्यांदाच खरा विझला.

क्षणभर कुणाला काही कळेना.

"रुसला," कुणीतरी म्हणालं. "पीर रुसला."

"कुणी इझवला?"

"मी," जालिंदर म्हणाला.  "मी विझवला. करामत नव्हती ती. माझी चूक होती. कमानीत करंट होता. मी तार लोखंडाला बांधली, ओलीत हात लावला असता तर—"

त्याला तेवढंच बोलता आलं.

पहिली घागर हौसाक्कानं घातली. तांब्याची घागर, तिच्या वयाला झेपणार नाही एवढ्या जोरानं, त्याच्या खांद्यावर. मग रावसाहेबांनी. मग हलगीवाल्यांनी टिपऱ्यांनी. मग तर कोण कुणाला मारतंय ते दिसेना. पीराला विझवणारा म्हणून मारलं, फसवलं म्हणून मारलं, आपण हात जोडले होते म्हणून जास्तच मारलं. गळ्यातल्या हाराचा दोरा त्याच्या मानेत रुतला. उस्ताद मध्ये पडायला गेले, तर त्यांना लोकांनी मानानं उचलून बाजूला बसवलं. मी मारलं नाही. थांबवलंही नाही. याची मला लाज वाटते.

हवालदारानं बूट हातात घेऊनच शिट्टी फुंकली तेव्हा लोक पांगले. संदल त्या वर्षी बत्तीच्या उजेडात आत गेला. मोराकडं कुणी पाहिलं नाही.

जालिंदर कमानीखाली चिखलात पडला होता. उस्ताद रांगत त्याच्यापाशी गेले. त्याचं डोकं मांडीवर घेतलं, आपल्या सदऱ्याची बाही ओली केली आणि त्याच्या तोंडावरचं रक्त पुसायला लागले. पुढचा एक दात गेला होता. डावा हात उचलत नव्हता. मूठ मात्र मिटलेलीच होती, आत फ्यूज.

"कुणी ऐकून घेतलं नाही, उस्ताद," तो म्हणाला.

"..."

"एकानंही नाही. मी खरं सांगत होतो."

"व्हय."

"हौसाक्कानं पहिली घागर घातली. तिला तर मी..." त्याला हुंदका आला. "ज्यांच्यासाठी केलं त्यांनीच मारलं. सगळ्यांनी मारलं. एक माणूस राहिला नाही."

उस्तादांनी वर पाहिलं. वाटेवर लोक दाटीवाटीनं चालले होते, ओल्या पायांनी, शिव्या देत. हौसाक्का त्यांच्यातच होती. तिचा एक हात कमानीला टेकला होता, दम खाण्यासाठी.

"एकबी न्हाई राहिला?"

"एकही नाही."

"म्हंजे सगळी जिती हाईत," उस्ताद म्हणाले.